खालच्या बांधीचं पाणी

केरळ, ११ मार्च

बा,

आणि वरून मीच उतावळा! मार खाल्लास तू, मनगट मोडलं तुझं, शालीकरामनं फावड्याचा दांडा हाणला तो तुझ्यावर, आणि भर धुऱ्यावर, गावासमोर, तुझी थप्पड कोणाला पडली? मला. काऊन, तर मी दगड उचलला होता म्हणून. दिवाळीपासून हीच एक गोठ माझ्या डोक्यात फिरून राहिली. रिंकू, जसं लिहिलं तसं वाच. ‘थप्पड’ जोरात वाच.

फोनवर माझा आवाज आला की तू उठून बैलांपाशी जातोस. म्हणून कागदावर लिहून, त्याचा फोटो काढून तुझ्या लेकीच्या, रिंकूच्या, मोबाइलवर टाकून राहिलो. ती म्हणते, वाचून दाखवलं तर बा जागचा हलत नाही, विडी विझली तरी पेटवत नाही. मग बस तसाच. अक्षराला मात्र नावं ठेवू नका, आठवीतून उठलेल्या पोट्ट्याचं जसं असते तसंच आहे.

खालच्या बांधीवाला शालीकराम दर साली दोन शेतांमधला धुरा त्याच्या बाजूनं छाटतो आणि आपल्या बाजूनं माती लावतो. धुरा चालत चालत आपल्या धानाच्या बांधीत आला. तुला सोडून साऱ्या गावाला तो चालताना दिसते. तू मोजणीचा अर्ज दिलास, तो तहसीलात पडून आहे. पोलिसात मात्र गेला नाहीस. काय तर म्हणे, शेजारी आहे. असा शेजारी काय चाटायचा?

आता उन्हाळी धानाला नहराचं पाणी सुटलं असेल. ते आधी आपल्या बांधीत येते, आणि आपल्या धुऱ्यातली मुही उघडून पाण्याला वाट दिली तरच खाली त्याच्या बांधीत उतरते. त्या पाण्याला दुसरी वाट नाही. बा, यंदा ती मुही बुजव. दगड नाही, शिवी नाही, पोलीस नाही. चार घमेले चिखल, बस.

बुजवलीस तर मी कापणीला घरी येतो. नाही तर येत नाही. यंदा नाही अन् पुढंही नाही. धमकी समज हिला.

इथलं म्हणशील तर बरं चाललं आहे. झाडाचे ओंडके सोलून त्याच्या पातळ चादरी काढतात, मी त्यांना गोंद लावतो, मग त्या दाबून प्लायवूड होते. गोंदाचा वास डोळ्यांत जाते. खोलीत आम्ही सहा जण आहोत. आपल्या देवरीकडचा श्यामलाल आहे, त्याला इथली बोली येते, म्हणून तो आमचा वकील.

आणि गंमत ऐक, इथंही एक शालीकराम आहे. फक्त बाई आहे, म्हातारी. फॅक्टरीच्या भिंतीला लागून तिचं घर. सारे तिला अम्माची म्हणतात. दर मंगळवारी ती विहिरीचं पाणी बाटलीत भरते अन् छत्री उघडून पंचायतीत जाते, फिर्याद द्यायला, की फॅक्टरी बंद करा, माझी विहीर नासली. म्हणजे आमच्या पोटावर पाय. मागं ठेकेदारानं आम्हाला तिच्या दारात नेऊन ओरडायला लावलं. काय ओरडलो त्याचा अर्थ मला माहीत नाही, पण सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

मुहीचं ध्यानात ठेव.

ओमेश


केरळ, २४ मार्च

बा,

"मुही भांडनाची जागा नोहे." एवढंच? पाच पानं लिहिली मी, बोटं दुखली, अन् तुझ्याकडून हे चार शब्द आले. तेही रिंकूच्या तोंडून.

मग भांडणाची जागा कोणती, ते तरी सांग. धुरा म्हटला तर तू म्हणतोस, सरकार मोजेल. पोलीस म्हटलं तर शेजारी. आता मुही म्हटली तर आज्यापासून कोणी बुजवली नाही. आज्याचं मनगट कोणी मोडलं होतं का? तुझा हात आता वाकडा जुळला. नांगराची मूठ डाव्या हातानं धरतोस, हे मला मायनं सांगितलं, तू नाही. फावडा तर उचलतच नाही म्हणे. काऊन लपवतोस?

माय म्हणते, बा रोज विचारते की पोट्टा कापणीला येऊन राहिला का. तिला सांग, पोट्ट्यानं काय करावं ते बाच्या हाती आहे. ताटात वाढून ठेवलं आहे तुझ्या. मुही बुजव, पोट्टा घे.

रिंकू, हे वाचताना तुझा आवाज जड झाला असं पुन्हा सांगू नको. तू पोस्टमन आहेस. पोस्टमन रडत नाही.

ओमेश


केरळ, ९ एप्रिल

बा,

काल रिंकूचा फोन आला. तू मुही बुजवलीस.

खरं सांगू, मला वाटलं होतं की ऐकल्याबरोबर मी उड्या मारीन. श्यामलालला चहा पाजीन. तसं काही झालं नाही. रिंकू नुसतं सांगत गेली. तू एकटा गेलास, मायलाही नेलं नाहीस. डाव्या हातानं चिखल लोटलास. परत आलास तो पाय न धुता ओसरीत बसलास आणि म्हणालास, "लिव त्याले. झालं त्याच्या मनासारखं." बास.

मग ती म्हणाली की शालीकरामची सुशिलाकाकू दुपारी बुजलेल्या मुहीपाशी येऊन बसते. बोलत नाही, शिव्या देत नाही. डोक्यावर पदर घेऊन नुसती बसते अन् ऊन उतरलं की उठून जाते. तिचं धान पोटरीत आहे म्हणे, आठ-पंधरा दिवसांत निसवलं असतं, लोंब्या बाहेर आल्या असत्या. मी रिंकूला म्हटलं, बसू दे.

मी येतो कापणीला. जबान दिली ती दिली.

दोन दिवसांपासून आंग दुखून राहिलं, ताप आहे. काही विशेष नाही, गोंदाच्या वासानं होते. मायला सांगू नको. रिंकू, हे शेवटचं वाचू नको.

ओमेश


केरळ, १४ एप्रिल

बा,

रिंकूनं ते वाचलंच, हे मायच्या फोनांवरून कळलं. बरं, आता लपवत नाही. मला माता आली आहे, दवाखान्यात कांजिण्या म्हणतात. साऱ्या आंगावर, तोंडात, डोक्याच्या केसांत. सरकारी दवाखान्यात गोळ्या दिल्या अन् सांगितलं की माणसांत जाऊ नको, एका खोलीत पडून राहा. खोलीत येऊन पाहतो तर माझी बॅग दाराबाहेर. ठेकेदार म्हणाला, गावाला जा. आता फोड घेऊन मला रेल्वेत कोण बसू देईन? श्यामलाल माझ्याकडं न पाहता म्हणाला, "भाऊ, मले पोट्टे हायेत." त्याला मी काय बोलू. मीही तेच म्हटलं असतं.

मग बॅग घेऊन फॅक्टरीच्या भिंतीला टेकून बसलो, उन्हात. अंगात हीव भरलं होतं. समोरून छत्री आली. छत्रीखाली ती म्हातारी, हातात पाण्याची बाटली. मंगळवार नव्हता, तरी फिर्यादीहूनच येऊन राहिली होती, मंगळवारी साहेब भेटला नव्हता म्हणे. मी तोंड फिरवलं. पण ती थांबली. जवळ आली, वाकून पाहिलं, अन् एकदम हसली. मग काय केलं माहीत आहे? दोन्ही हात तोंडाभोवती लावून ओरडल्यासारखं केलं, आणि माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणजे तो मोठ्या आवाजाचा तूच ना! मला वाटलं, आता ही लोकं गोळा करते.

तिनं माझी बॅग उचलली. बा, सत्तरीच्या वरची बाई. बॅग उचलली अन् चालायला लागली, मागं वळून पाहिलंही नाही. बॅगमागं मी गेलो. दुसरं काय करणार?

तिच्या घरामागं रबराच्या चादरी वाळवायची एक खोली आहे. ती तिनं झाडून ठेवली, खाट टाकली, पांढरी चादर घातली. मग बाहेर जाऊन कडूलिंब तोडून आणला. बा, आपल्याकडं माता आली की दाराला कडूलिंब बांधतात, अन् तो पाहिला की शेजारी उंबऱ्यावरून परत फिरते. रिंकूला आली होती तेव्हा तू बांधला होतास, आठवते ना? कोणी आलं नव्हतं. इथं या बाईनं तोच पाला आणला, पण आत यायसाठी. चादरीवर पसरला, डहाळीनं माझी पाठ खाजवली. फोड फुटले तिथं मी लाजेनं अंग चोरून राहिलो होतो, तर मला डोळे वटारून दाखवले, जशी माय दाखवते.

तिची भाषा मला कळत नाही, माझी तिला नाही. श्यामलाल संध्याकाळी भिंतीपलीकडं येऊन उभा राहते अन् वकिली करते. ती अंगणातून बोलते, हा भिंतीवरून ओरडून सांगते, "अबे ओमेश, अम्माची म्हन्ते की पेज सारी पी! अन् म्हन्ते, फोड खाजवशीन त हात बांधून ठेवीन!" सारी फॅक्टरी ऐकते. माझी माता गाजून राहिली इथं.

आता जे सांगतो त्याचं मला अजून काही कळत नाही. तिनं मला आंघोळ घातली ना, लिंबाचा पाला टाकून उकळलेल्या पाण्यानं, तेव्हा पाणी अंगावर पडलं अन् मला वास आला. गोंदाचा. माझ्या हाताला रोज असते तोच. ती जे पाणी बाटलीत घालून फिर्यादीला नेते, ते हेच पाणी. आम्ही नासवलेलं. त्याच पाण्यानं तिनं माझे फोड धुतले.

मी तिच्या तोंडाकडं पाहत राहिलो. तिथं काहीच नव्हतं बा. ना राग, ना उपकार. जसं भांडं घासताना बाईचं तोंड असते, तसं.

मायला सांग, पेज मिळते, झोप लागते. काळजी करू नको.

ओमेश


केरळ, १८ एप्रिल

बा,

हे पत्र लवकर वाच. रिंकू, हातातलं काम टाक अन् बाला बसव.

आधी मंगळवारचं सांगतो. मला वाटलं होतं, आता ही माझी सेवा करून राहिली म्हणजे फॅक्टरीचं भांडण सोडून दिलं असेल. मंगळवारी सकाळी तिनं मला पेज दिली, उशाशी पाणी ठेवलं, माझी गोळी हातावर ठेवली. मग विहिरीवर जाऊन बाटली भरली, छत्री उघडली अन् निघाली पंचायतीत! मी खाटेवर उठून बसलो. संध्याकाळी श्यामलालला म्हटलं, विचार तिला, फॅक्टरी बंद झाली तर माझं काम जाईन, हे तिला कळते का?

श्यामलालनं विचारलं. ती कपडे वाळत घालत होती, तशीच बोलली. श्यामलाल भिंतीवर डोकं खाजवायला लागला. मी म्हटलं, "सांग ना बे!"

तो म्हणाला, "म्हन्ते, हो, जाईन. मंग दुसरं काम भेटेपर्यंत इथंच जेवत जाय."

 

मी म्हटलं, विचार, हे कसं काय? एक तर भांड, नाही तर जेवू घाल. ती भिंतीपाशी गेली, श्यामलालला बराच वेळ काही सांगत राहिली, हातानं माझ्याकडं, फॅक्टरीकडं, वर आभाळाकडं दाखवत. त्यानं मला एवढं सांगितलं. ती ख्रिश्चन आहे. तिच्या येशूनं सांगितलं आहे की शेजाऱ्याला आपल्या जिवासारखं धर. तो चांगला असेल तर धर, असं नाही सांगितलं. भांडण आहे तर भांड, खरं आहे ते पंचायतीत सांग, रोज सांग. पण शेजारी भिंतीपलीकडून निवडून घ्यायचा नसते, देवानं जो आणून टाकला तोच. अन् भूक, ताप, तहान या भांडणाच्या जागा नाहीत.

भांडणाच्या जागा नाहीत! बा, मी हा शब्द ऐकला अन् माझ्या अंगावर काटा आला, फोडांवरून काटा आला. हे तू मला चार शब्दांत पाठवलं होतंस. मी म्हटलं होतं, एवढंच? मुलूख दुसरा, देव दुसरा, बोली दुसरी, अन् गोठ तीच. 

काल त्यांचा एक सण होता. येशूला धरून नेलं त्याच्या आदल्या दिवशीचा. त्या रोजी त्यानं आपल्या माणसांचे पाय धुतले म्हणे, त्याला धरून देणारा होता त्याचेही. घरोघरी तांदळाची भाकर करतात, बिनखमिराची, अन् घरातलं मोठं माणूस ती मोडून वयाच्या क्रमानं एकेकाला देते. हिचा पोरगा परदेशात, नवरा वारलेला. घरात ती एकटी. दिवेलागणीला ती वाटीत गूळ-नारळाचा रस अन् भाकर घेऊन माझ्या खोलीत आली. देवाचं नाव घेतलं, भाकर मोडली, अन् आधी आपण न खाता मला दिली. दोन्ही हातांत दिली, बा, जसं बियाणं देतात. तांदूळच होता, आपल्या घरच्या पिठासारखाच वास. श्यामलाललाही भिंतीवरून एक तुकडा दिला, तर तो वकील भिंतीवर डोकं टेकून रडला. ‘मले पोट्टे हायेत’ म्हणून पळाला होता ना, त्याचं रडला.

मग मी तिला सारं सांगितलं. तुझ्या मनगटाचं, धुऱ्याचं, मुहीचं. मी तुला काय लिहिलं होतं तेही. श्यामलाल भिंतीवरून सांगत गेला, या वेळी हळू आवाजात. मला वाटलं होतं, ती मला काहीतरी सुनावीन. तिनं एकच विचारलं, मुहीपाशी बसते त्या बाईचं नाव काय?

मी म्हटलं, सुशिला.

आणि नवऱ्याचं? शालीकराम. आणि तुझ्या बापाचं? दुधराम.

तिनं डोळे मिटले, हात जोडले अन् तिच्या बोलीत पुटपुटत राहिली. मला एक अक्षर कळत नव्हतं. अन् मधूनच ऐकू आलं, सुशिला. मग पुन्हा ते न कळणारं, अन् मग शालीकराम. मग दुधराम. बा, आपल्या गावाबाहेर शालीकरामचं नाव कोणाला माहीत आहे? केशोरीच्या बाजारात विचारलं तर दहा शालीकराम निघतील. अन् इथं, समुद्राजवळ, कोणी एक बाई तिच्या देवापाशी त्याचं नाव घेऊन राहिली होती, तुझ्या नावाला लावून. तिनं त्यात वर-खाली केलं नाही. ज्यानं मारलं तो अन् ज्याला लागलं तो, दोघांची नावं एका दमात. मी खाटेवर पडलो होतो, पण मला वाटलं की आपण एका फार मोठ्या जागी आहोत, टोपी घातली असती तर काढली असती.

मी काही ख्रिश्चन होऊन राहिलो नाही, मायला सांगजो, तिच्या देवघरातला धाक मला आहे. तिनंही तसं काही म्हटलं नाही. पण जे पाहिलं ते पाहिलं. आता ते न पाहिल्यासारखं कसं करू?

बा, मुही उघड.

मीच बुजवायला लावली, मीच सांगून राहिलो. मी येईन म्हणून तू ती बुजवलीस, हे मला कळलं आहे. आज्यापासूनची रीत तू माझ्यासाठी मोडलीस. मी तो भाव लावायलाच नको होता. मुही उघडी असो की बुजलेली, मी कापणीला येतो. अट नाही.

धुऱ्याचं मात्र मी सोडलेलं नाही. मोजणीचा अर्ज मागं घेऊ नको. शालीकराम चोर आहे, हे मी त्याच्या तोंडावर सांगीन, तहसीलदारासमोर सांगीन. पण त्याच्या धानाला तहान लागली आहे. ती वेगळी गोठ आहे.

जा बा. रिंकू, त्याला चप्पल दे.

ओमेश


केरळ, २२ एप्रिल

बा,

रिंकू खोटं बोलत नाही, तरी मी तिला तीनदा विचारलं. तिला शपथ घातली. मग मायला विचारलं. माय म्हणाली, "मी धुऱ्यावरच होती, अंजनाच्या झाडाखाली. माह्या डोळ्यानं पायलं."

म्हणून आता मीच तुला तुझी गोठ सांगतो. तू केलीस, पण तुला ती दिसली नसेल. 

पत्र वाचून झालं, ती रात्र गेली. सकाळी उठून फावडा खांद्यावर घेतलास. फावडा, बा, जो तू दिवाळीपासून धरला नव्हतास. माय अन् रिंकू मागं निघाल्या. मुहीपाशी सुशिलाकाकू होती, अन् त्या दिवशी शालीकरामही होता, धुऱ्याच्या पलीकडं उकिडवा बसून. त्याच्या बांधीत भेगा पडल्या आहेत म्हणे, हात जाईन एवढ्या. तुला फावडा घेऊन येताना पाहून तो उभा राहिला. रिंकू म्हणते, तिनं मायचा पदर धरला.

तू फावडा मारलास. चिखल वाळून दगड झाला होता. मनगट वळलं अन् फावडा हातातून सुटला. पुन्हा मारलास, पुन्हा सुटला.  तिसऱ्यांदा तो पडला तेव्हा शालीकराम धुऱ्यावर चढून आला.

"दे इकडं," तो म्हणाला. "तुह्यानं होत नाही."

माय म्हणते, तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. गेल्या खेपेला त्याच्या हातात फावडा होता तेव्हा काय झालं, ते तिच्यासमोर होतं. रिंकूनं मात्र पाहिलं. तू खाली वाकलास, पडलेला फावडा उचललास अन् दांड्याकडून त्याला दिलास.

बा, तू त्याच्या हातात फावडा दिलास.

मी हे ऐकलं तेव्हा फॅक्टरीच्या नळावर हात धूत होतो. नळ चालूच राहिला. इथं एका म्हातारीचं करणं पाहून मी थक्क झालो, पत्रावर पत्र लिहिली, अन् माझा बाप तिकडं बिनबोलता धुऱ्यावर उभा राहून हे करून राहिला. मी तुझ्या घरी जन्मलो, तुझी थप्पड खाल्ली, तुझ्या ताटात जेवलो, अन् तू कोण आहेस ते मला आता कळून राहिलं, तेही सारं नाही. त्या दिवशी तू मला थप्पड दिलीस ना, दगड हातात होता तेव्हा? ती जर दिली नसतीस, तर आज त्याच्या हातात फावडा द्यायला धुऱ्यावर कोणी उरलं नसतं. 

मग शालीकराम मुही खोदत राहिला अन् तू बाजूला उभा राहिलास. पाणी उतरलं तेव्हा सुशिलाकाकूनं त्यात हात घातला, ओले हात डोळ्यांना लावले. जाताना शालीकराम तुला म्हणाला, "मोजनीले मी बी येतो. पाहू कोनाचा धुरा होय तं." अन् तू म्हणालास, "येजो."

हे मी अम्माचीला सांगितलं. श्यामलालनं "येजो" कसं सांगितलं कोण जाणे, पण ती गुडघ्यावर हात मारून हसली. मग अंगणातच हात जोडून उभी राहिली, अन् पुन्हा ती नावं घेतली. या वेळी शेवटी माझंही नाव होतं.

माझे फोड सुकले. कालपासून कामावर आहे. खोलीत परत घेतलं, श्यामलालनं माझी खाट खिडकीपाशी लावून दिली. आज मंगळवार. सकाळी ती छत्री अन् बाटली घेऊन फॅक्टरीच्या दारावरून गेली. आतून सारे तिला हिणवत होते, "चालली, चालली!" मी दाराशी जाऊन तिला हात केला. तिनं बाटली वर करून दाखवली. ठेकेदार माझ्याकडं पाहून राहिला. पाहू दे. बाटलीतलं पाणी खरंच नासलेलं आहे, मी त्यानं आंघोळ केली आहे. उद्या पंचायतीचं माणूस आलं अन् मला विचारलं, तर मी तेच सांगीन. मग काम जाईन तर जाईन. जेवायची सोय आहे.

आता कामाचं. रिंकू म्हणते, नहराची पाळी संपली, अन् आपल्या बांधीतलं पाणी दोघांत वाटून गेलं. म्हणजे आता आपलं धानही तहानलेलं, त्याचंही. निसवेपर्यंत पाण्याचं आणखी एक भरण पाहिजे. नाल्याच्या डोहात अजून पाणी आहे ना? गावातल्या छोटेलालचं पाणी उपसायचं डिझेल इंजिन भाड्यानं आण. माझा पगार झाला, सुट्टीचे दिवस कापून. इथं मला या महिन्यात फार लागणार नाही, पेज पिऊन राहायची सवय झाली आहे.

एक कर बा. इंजिनचा पाइप आधी त्याच्या बांधीत सोड. त्याचं धान आपल्यापेक्षा जास्त दिवस तहानलेलं आहे, अन् ते माझ्यामुळं. त्याचं भरलं की मग आपल्यात घे. पैसे कोणाचे ते त्याला सांगू नको, नाही तर तो पाइप उचलून फेकीन, मी ओळखतो त्याला.

रिंकूच्या मोबाइलवर आत्ताच टाकले. भाडं अन् डिझेल, दोन्ही बांध्यांचं मिळून, चार हजार सहाशे रुपये.